गाडी मेली, आरसी जिवंत

आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचं नाव त्यांच्या माघारी तीस-तीस वर्षं नांदत असतं. वारसनोंद राहून जाते, भावकीत एकमत होत नाही, आणि जमीन नातू कसत असला तरी कागदावर शेतकरी आजोबाच. गाड्यांचंही तसंच होतं, फक्त उलट्या बाजूने. इथे माणूस जिवंत असतो आणि गाडी गेलेली असते. घाटात ट्रकखाली आलेली, पुरात दोन दिवस बुडालेली, शॉर्टसर्किटने जळून पत्र्याचा सांगाडा उरलेली. मालक विम्याचे पैसे घेतो, सांगाडा कुणीतरी टेम्पोत घालून नेतो, काही महिन्यांनी नवी गाडी दारात येते, पेढे वाटले जातात. जुनी गाडी मात्र आरटीओच्या संगणकात मालकाच्या नावासकट ठणठणीत असते.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५५ याच प्रसंगासाठी आहे. गाडी नष्ट झाली किंवा कायमची वापराबाहेर गेली, तर मालकाने चौदा दिवसांच्या आत, नाहीतर जमेल तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्याला तसं कळवायचं आणि आरसी त्याच्याकडे जमा करायची. मग नोंदणी रद्द होते. गाडी चिपळूणला घेतलेली, एमएच-०८ पासिंगची, आणि मालक नोकरीनिमित्त पुण्यात गाडीसह राहत असेल, तर कळवायचं पुण्यात. पुण्याचं कार्यालय ते कागद रत्नागिरीला धाडतं आणि रद्द केल्याची नोंद मूळ कार्यालयात होते. ‘जमेल तितक्या लवकर’ या शब्दांनी कायद्याने स्वतःच दार किलकिलं ठेवलं आहे, आणि आपण त्या फटीतून वर्षानुवर्षं निघून जातो.

निघून जाण्यामागे आळस असतो, पण एक गैरसमजही असतो. अपघातानंतर इतके कागद होतात की आता आणखी काय कळवायचं राहिलं, असं वाटतं. पोलिसांचा पंचनामा झाला. विमा कंपनीचा सर्व्हेअर चारी बाजूंनी फोटो काढून गेला. मोठा अपघात असेल तर मोटार वाहन निरीक्षकसुद्धा गाडी पाहून गेला. तो तर आरटीओचाच माणूस! पण तो आलेला असतो ब्रेक नीट होते का, स्टिअरिंगमध्ये आधीपासून काही दोष होता का, हे तपासायला. त्याचा अहवाल पोलिसांकडे जातो. यातल्या कुठल्याही कागदाने नोंदणी रद्द होत नाही. गाडी दुरुस्तीपलीकडे गेली आहे आणि रस्त्यावर आणणं धोक्याचं आहे, असं दिसलं तर नोंदणी अधिकारी स्वतःहून तपासणी करवून, मालकाचं म्हणणं ऐकून घेऊन नोंदणी रद्द करू शकतो. पण तुमच्या सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात कुजणारी गाडी शोधत तो येणार नाही. कळवायचं काम मालकाचं.

न कळवल्याने काय बिघडतं, हे या कायद्याच्या व्याख्येत दडलेलं आहे. कलम २(३०) म्हणतं, ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो मालक. आणि कर्जाने घेतलेली असेल तर कराराप्रमाणे जिच्या ताब्यात ती आहे ती व्यक्ती. पैसे कुणी मोजले, चावी कुणाकडे आहे, भंगाराचा टेम्पो कुणी भरला, हे प्रश्न नंतरचे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. मूळ मालकाने गाडी विकलेली, ती पुढे हातोहात फिरलेली, नोंदणी मात्र एकदाही बदललेली नाही. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात केला. नुकसानभरपाई कुणी द्यायची? न्यायालयाने सांगितलं, नोंदणी पुस्तकात ज्याचं नाव आहे त्याने. अपघातात सापडलेल्या माणसाने विक्रीच्या साखळीतला शेवटचा खरेदीदार हुडकत फिरावं, अशी अपेक्षा कायदा करत नाही. त्या प्रकरणातली गाडी धडधाकट होती. पण सांगाडा म्हणून विकलेली गाडी कुणी ठोकून-ठाकून पुन्हा रस्त्यावर आणली आणि आरसीवर नाव तुमचंच राहिलं, तर तर्क बदलायचं काही कारण दिसत नाही.

आता ‘टोटल लॉस’कडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

हा शब्द गॅरेजमध्ये एका अर्थाने चालतो आणि विम्यात दुसऱ्या. मिस्त्री ‘टोटल गेली’ म्हणतो तेव्हा त्याला सांगायचं असतं की चॅसी वाकली, आता ती सरळ येणार नाही. विम्याचा हिशोब निराळा. पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून एक रक्कम छापलेली असते, म्हणजे विमा ज्या किमतीचा उतरवला ती. नव्या गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून ती निघते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४०, पाचव्या वर्षी ५०. त्यापुढे कंपनी आणि मालक यांनी मिळून ठरवायचं. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की विम्याच्या लेखी गाडी पूर्ण गेली.

याचा परिणाम गमतीचा आहे. गाडी जितकी जुनी, तितकी ती सहज ‘मरते’. दीड लाख आयडीव्हीच्या गाडीवर सव्वा लाखाचं काम निघालं तर ती टोटल लॉस. तेवढंच काम दहा लाखांच्या नव्या गाडीवर निघालं तर तो साधा दुरुस्तीचा क्लेम. पुढच्या दोन एअरबॅग फुटल्या, डॅशबोर्ड बदलायचा, बॉनेट-रेडिएटर-दिवे गेले, एवढ्यातच जुनी गाडी रेषा ओलांडते; इंजिन मात्र अर्ध्या चावीवर सुरू होत असतं. मालक हतबुद्ध होतो. चालती गाडी मेली कशी?

ती हिशोबात मेलेली असते, लोखंडात नव्हे. कलम ५५ बोलतं ते लोखंडाबद्दल: नष्ट झालेली, कायमची निकामी. विमा बोलतो तो पैशांबद्दल: दुरुस्त करणं परवडत नाही. या दोन मरणांच्या मधल्या पट्ट्यात हजारो गाड्या येतात, आणि त्यांच्या आरसीचं काय करायचं हे कायद्याऐवजी भाव ठरवतो.

एक हिशोब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. आयडीव्ही चार लाख, दुरुस्तीचा अंदाज तीन लाख चाळीस हजार. ७५ टक्के म्हणजे तीन लाख, तेव्हा टोटल लॉस ठरला. सर्व्हेअर आता सांगाड्याला भाव मागवतो, आणि तो दोन तऱ्हांनी येतो. आरसीसकट घ्यायचा तर ९० हजार. आरसी रद्द करून नुसता सांगाडा घ्यायचा तर ५० हजार. पहिल्या तऱ्हेत कंपनी चार लाखांतून ९० हजार आणि १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला असलेली सक्तीची एक हजाराची कपात वजा करून मालकाला ३ लाख ९ हजार देते. ९० हजार सांगाडा घेणारा देतो. दुसऱ्या तऱ्हेत कंपनी ३ लाख ४९ हजार देते आणि सांगाड्याचे ५० हजार येतात. मालकाच्या हातात दोन्हीकडे पडतात ३ लाख ९९ हजारच.

म्हणजे आरसी जिवंत ठेवल्याने वाचलेले ४० हजार कंपनीचे. आणि ती जिवंत राहिल्याने येणारं लचांड मालकाचं, कारण नाव त्याचं. हे आरसीसकटच्या सौद्याला ‘हो’ म्हणताना फारसं कुणी मालकाला समजावून सांगत नाही. त्याला सांगितलं जातं ते एवढंच: क्लेम लवकर सुटेल, आरटीओचे खेटे वाचतील, इथे सही करा. सही असते फॉर्म २९ आणि ३० वर, मालकी हस्तांतराच्या अर्जांवर, आणि घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी असते. कोऱ्या कागदावर सही करू नये हे आपल्याला जमिनीच्या व्यवहारात पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं असतं. गाडीच्या बाबतीत ते कसं कोण जाणे, विसरायला होतं.

आता चाळीस हजार जास्त मोजणाऱ्याने घेतलं काय? प्रामाणिक उत्तर असं की त्याला गाडी दुरुस्त करून विकायची आहे. त्याच्याकडे मजुरी स्वस्त, सुटे भाग जुन्या बाजारातले, त्यामुळे कंपनीच्या वर्कशॉपला साडेतीन लाख लागणारं काम तो दीड लाखात उरकतो. हा धंदा कायदेशीर आहे, आणि वाईटही नाही. पण अशा खरेदीदाराला आरसी स्वतःच्या नावावर करून घ्यायला काहीच हरकत नसते. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात हस्तांतर चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत, असं कलम ५० सांगतं. जो ‘नंतर बघू’ म्हणतो, त्याच्यापाशी थोडं थांबावं.

कारण दुसरं उत्तर असं, की त्याला गाडी नको, तिची ओळख हवी आहे. प्रत्येक मोटारीच्या अंगावर सतरा अक्षर-आकड्यांचा चॅसी क्रमांक ठोकलेला असतो. त्यातली पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची: एमए३ म्हणजे मारुती, एमएटी म्हणजे टाटा, एमए१ म्हणजे महिंद्रा, एमएएल म्हणजे ह्युंदाई. इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं या सतरांत कधी येत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळा करतात. एजंट ज्याला चॅसी प्रिंट म्हणतो, ते या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून उठवलेलं चित्र. आरसीवर हाच क्रमांक असतो. तेव्हा चकाचूर झालेल्या पांढऱ्या गाडीची खरी आरसी हातात असेल, तर त्याच मॉडेलची, त्याच रंगाची एक गाडी चोरायची, तिचा क्रमांक घासून टाकायचा आणि मेलेल्या गाडीचा क्रमांक असलेला पत्र्याचा तुकडा कापून तिथे वेल्ड करायचा. कागद अस्सल, नोंद अस्सल, कर भरलेला, चोरीची तक्रार त्या नंबरावर कुठेच नाही. नाकाबंदीत पोलिसाने नंबर टाकून पाहिला तरी सगळं हिरवं दिसतं.

घासून टाकलेला क्रमांक पूर्णपणे पुसला जात नाही, ही त्यातली एक सुखद गोष्ट. ठसा मारताना वरच्या पत्र्याखालची धातूची रचनाही दबलेली असते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्या जागी रसायन लावलं की दबलेला भाग शेजारच्यापेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो आणि मूळ आकडे पुन्हा उमटतात. मात्र त्यासाठी आधी कुणाला तरी शंका यावी लागते. चोरीच्या गाड्या सोडवून सुटे भाग करण्यासाठी देशभर बदनाम असलेला मेरठचा सोतीगंज बाजार उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२१ मध्ये कारवाया करून बंद पाडला, तेव्हा या धंद्याच्या आवाक्याची बाहेरच्यांना कल्पना आली. आरसीवरचा क्रमांक आणि गाडीच्या अंगावरचा क्रमांक जुळत नाही असं आढळलं, तर कलम ५५ खालीच नोंदणी रद्द होते. पण तोवर ती गाडी विकत घेतलेला तिसराच कुणी गृहस्थ पैसे गमावून बसलेला असतो.

अमेरिकेत दोन मरणांच्या या मधल्या पट्ट्यासाठी कागदाची वेगळी जात आहे. तिथे मालकीचा कागद, ज्याला टायटल म्हणतात, तो नोंदणीपेक्षा वेगळा असतो. विमा कंपनीने गाडी टोटल ठरवली की टायटलवर सॅल्व्हेज असा शिक्का बसतो. दुरुस्त होऊन तपासणीत पास झाली तर ‘पुन्हा बांधलेली’ असा शिक्का येतो, आणि तो गाडीच्या जन्मभर सोबत राहतो. पार गेलेल्या गाडीला नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि ती परत कधीच रस्त्यावर येऊ शकत नाही. किती टक्क्यांना टोटल म्हणायचं हे राज्यागणिक बदलतं. टेक्सासमध्ये थेट १०० टक्के. त्यामुळे लोक एका राज्यातली शिक्क्याची गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन कोरा कागद मिळवू लागले. त्याला तिथे ‘टायटल धुणं’ म्हणतात. ते थांबवायला १९९२ च्या कायद्याने देशभराची एक नोंदवही आली, आणि भंगारवाले, सॅल्व्हेजवाले, विमा कंपन्या यांना दर महिन्याला तिच्यात माहिती भरावी लागते. ब्रिटनने ऑक्टोबर २०१७ पासून चार वर्ग केले: ए म्हणजे सबंध गाडी चिरडायची, बी म्हणजे सुटे भाग घेऊन सांगाडा चिरडायचा, एस म्हणजे सांगाड्याला इजा पण दुरुस्त होण्याजोगी, एन म्हणजे सांगाडा शाबूत.

आपल्या आरसीवर असा शिक्का नसतो. नोंदणी एकतर चालू, नाहीतर रद्द. मधला रंग नाही. त्याची किंमत पुराच्या वर्षी कळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबईच्या रस्त्यांवर आणि तळघरांत गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. पुरातली गाडी अपघातातल्या गाडीसारखी चेपलेली नसते. सीटं बदलली, आतून धुतली, अत्तर मारलं की दिसायला उजळ. वायरिंगच्या जोडांत शिरलेला गाळ आणि एअरबॅगच्या सेन्सरला लागलेला गंज विकत घेणाऱ्याला दिसत नाही. शंका असेल तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघावा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ सापडते, तिथवर सहसा कुणी धूत नाही. कागद काही सांगत नसला की माणसाला असल्या युक्त्या शिकाव्या लागतात. माझ्या मते आरसीवर एक शब्द वाढवणं हे भंगार धोरणातल्या पुष्कळ सवलतींपेक्षा स्वस्त आणि उपयोगाचं काम ठरलं असतं.

भंगार धोरणाची चर्चा झाली ती पंधरा वर्षं जुन्या गाड्यांच्या अंगाने. त्यातूनच ‘पंधरा वर्षं झाली की गाडी जप्त’ असा समज पसरला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणी करून पुढे पाच-पाच वर्षं वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५००० रुपये झाली, एवढंच. दिल्लीची गोष्ट वेगळी. पण त्याच धोरणाबरोबर सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने वाहन भंगार केंद्रांचे नियम आणले, आणि आपल्या विषयाला ते थेट लागू पडतात. कुठल्या गाड्या भंगारात काढता येतील याच्या यादीत आग, दंगल, नैसर्गिक आपत्ती, अपघात यांनी नुकसान झालेली आणि ‘ही आता भंगार’ असं मालकाने स्वतः प्रमाणित केलेली गाडी आहे. स्वतः प्रमाणित केलेली! गाडी निकामी झाली हे सिद्ध करत बसायचं ओझं मालकावरून गेलं. गाडी कुठल्याही राज्यातली असो, नोंदणीकृत केंद्र ती घेऊ शकतं.

घेण्याआधी मात्र चार गोष्टी बघितल्या जातात. गाडीवर कर्जाचा बोजा नाही ना, थकबाकी नाही ना, आरटीओने ती काळ्या यादीत टाकलेली नाही ना, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या यादीत ती चोरीची किंवा गुन्ह्यातली म्हणून नाही ना. हे वाचायला सोपं वाटतं. गाडी अडते ती इथेच.

बोजा घ्या. कर्ज चालू असताना गाडी गेली तर विम्याचा चेक आधी बँकेकडे जातो, कारण पॉलिसीवर बँकेचं नाव असतं. कर्ज आयडीव्हीपेक्षा जास्त उरलं असेल तर फरक मालकाने खिशातून भरायचा, नसलेल्या गाडीसाठी. तो भरल्यावर बँक एनओसी आणि फॉर्म ३५ देते, आणि ते दोन्ही कागद आरटीओत जाऊन आरसीवरची कर्जाची नोंद, म्हणजे एचपी, उतरली की मग आरसी मोकळी. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलं पण एचपी उतरवायची राहिली, अशा आरसी तर घरोघरी आहेत. दरम्यान ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, शाखा हललेली, आणि एनओसी कुणी द्यायची यावरून दोन काउंटरांमध्ये मालकाची ये-जा. माझ्या स्वतःच्या एका जुन्या स्कूटरच्या बाबतीत हे मी भोगलं आहे. स्कूटर भंगारात गेली चारशे रुपयांना आणि तिच्या एचपीसाठी मी रिक्षाला त्याहून जास्त दिले.

अपघातात कुणाचा मृत्यू झाला असेल तर गाडी मुद्देमाल होते आणि पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते. कुठल्याही ठाण्याच्या भिंतीकडेला वेली चढलेल्या गाड्या आपण पाहतो, त्या याच. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं की गाड्या अशा ठाण्यात कुजवण्यात अर्थ नाही. फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि सोडा. तो अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ आणि ५०३ खाली होतो. पण सुपूर्तनाम्यावर मिळालेली गाडी मालकाची पूर्णपणे मोकळी झालेली नसते. न्यायालय म्हणेल तेव्हा ती हजर करायची हमी त्याने दिलेली असते. तेव्हा ती भंगारात द्यायची तर आधी न्यायालयाची परवानगी.

आणि मालकच त्या अपघातात गेला असेल तर? घरच्यांना त्या दिवसांत आरसी आठवत नाही, आठवू नयेच. नियम असा की वारसाने तीस दिवसांत मृत्यूची माहिती द्यायची आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची. म्हणजे मेलेली गाडी आधी जिवंत माणसाच्या नावावर चढवायची, मग तिची नोंदणी रद्द करायची. २०२१ पासून आरसीत वारसदार म्हणून कुणाचं तरी नाव आधीच घालून ठेवता येतं, ते या वेळी उपयोगी पडतं. चोरीचा मामला याहून निराळा: गाडी नष्ट झालेली नसते, नुसती सापडत नसते. म्हणून तिची नोंदणी रद्द करत नाहीत. क्लेम देताना विमा कंपनी हस्तांतराचे कागद लिहून घेते, कारण उद्या ती मिळाली तर ती कंपनीची.

सगळं जुळलं की केंद्र गाडी ताब्यात घेतं आणि मालकाला ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ देतं. नवी गाडी घेताना हे दाखवलं तर नोंदणी फी माफ होते, आणि रस्ता करात खासगी गाडीला २५ आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यायची मुभा राज्यांना आहे. प्रत्यक्ष किती, हे राज्य ठरवतं. नवी गाडी घ्यायची नसेल तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडून यातलं काही मिळत नाही. तो वजनाला दोन रुपये जास्त देईल, आणि तेवढ्यावर बरेच जण खूश होतात. एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या पर्यावरण नियमांनी तर मालकावर बंधनच घातलं: गाडी आयुष्य संपलेली ठरल्यापासून १८० दिवसांत ती अशा केंद्रात किंवा कंपनीने नेमलेल्या ठिकाणी जमा करायची. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि पॉवर टिलर यांना हे लागू नाही, त्यामुळे गोठ्यामागचा गंजका ट्रॅक्टर तूर्त तिथेच राहायला हरकत नाही.

केंद्रात गाडी आधी रिकामी करतात. पेट्रोल, ऑइल, कूलंट, बॅटरी, सीएनजीची टाकी काढून घेतात. न फुटलेल्या एअरबॅग निकामी करतात, कारण त्यात स्फोटक भरलेलं असतं. मग काचा, टायर, तांबं, अ‍ॅल्युमिनियम वेगळं होतं आणि उरलेलं पोलाद दाबून त्याचे ठोकळे होतात. भंगारातलं पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्या आपल्याकडे जालन्यात पुष्कळ आहेत; तिथून ते बांधकामाची सळई होऊन निघतं.

एक तुकडा मात्र भट्टीत जात नाही. गाडी चिरडण्याआधी चॅसी क्रमांक असलेला पत्रा कापून बाजूला काढलेला असतो. भंगार केल्याचं प्रमाणपत्र निघाल्यावरही केंद्राला तो सहा महिने जपून ठेवावा लागतो, कुणी विचारायला आलंच तर दाखवायला. तोवर बाकीच्या गाडीचा कुठल्यातरी इमारतीत स्लॅब पडलेला असतो.